बाळीची पापणी जन्मापासून खाली आहे, ऑपरेशन आत्ता की लग्नाच्या वेळी?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, छापणार नाहीच. मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"मॅडम, माझी मुलगी दिवाळीला तीन वर्षांची होईल. उजव्या डोळ्याची पापणी जन्मल्यापासून खालीच हाय, डोळा अर्धा झाकलेलाच असतोय. टीव्ही बघताना हनुवटी वर करून बघती. सासूबाई म्हणूलाल्यात की ग्रहणात तू भाजी चिरलीस म्हणून झालं. मालक म्हणतात आत्ता काय घाई, लग्नाच्या टायमाला करूया. बेळगावला एका डॉक्टरांनी बघून सांगितलं ऑपरेशन लागेल, मांडीतला पट्टा काढून पापणीला लावायचा नाहीतर सिलिकॉन घालायचं. मांडी कापून डोळ्याला लावणार हे ऐकून मी घाबरून घरी आलो. मोबाइलवर एका व्हिडिओत बघितलं की ऑपरेशननंतर झोपेत डोळा उघडाच राहतोय. मग करायचं की नको? आणि पुढच्या बाळाला पण असंच होईल काय?"

ताई, आधी ग्रहणाचं बोलूया, कारण पत्र वाचताना कळतंय की तुमच्या मनावर सगळ्यात जास्त ओझं त्याचंच आहे. तुम्ही भाजी चिरली, सुरी धरली, ग्रहण बघितलं, यातल्या कशानेही पापणी खाली येत नाही. वरची पापणी उचलायला डोळ्याच्या खोबणीत वरच्या अंगाला एक स्नायू असतो, लिव्हेटर म्हणतात त्याला. बाळ पोटात घडत असताना काही बाळांमध्ये हा स्नायू नीट घडतच नाही, मांसाच्या जागी चरबी आणि चिवट धागे तयार होतात. रबराच्या जागी सुतळी बसवल्यासारखं होतं ते, रबर आखडतं पण आणि सैल पण पडतं, सुतळी दोन्ही करत नाही. म्हणूनच एक गंमत तुम्हाला घरीच बघता येईल. बाळीला खाली जमिनीकडे बघायला लावा, एखादी बांगडी पायापाशी टाका आणि समोरून दोन्ही पापण्या बघा. एरवी खाली असलेली उजवी पापणी त्या वेळी डावीपेक्षा थोडी वरच अडकलेली दिसेल, कारण तो स्नायू सैल पण पडू शकत नाही. असं दिसलं तर हा जन्मजात स्नायूचाच प्रकार असण्याची शक्यता जास्त. सासूबाईंना पण हे शेजारी बसवून दाखवा, भांडण न करता. त्यांना वाईट वाटतंय म्हणून त्या कारण शोधतायत एवढंच, पण ते कारण तुमच्या अंगावर टाकायचं काम नाही. आणि काजळ घालून, तेलाने मालिश करून, पापणीवर पट्टी ओढून हा स्नायू तयार होत नाही, त्यात दिवस घालवू नका.

आता मालकांचं. हे मी जरा जोरात सांगणार आहे, त्यांना वाचून दाखवा.

लग्नाच्या वेळी करूया म्हणणाऱ्या घरांना वाटतं की हा दिसण्याचा प्रश्न आहे, मुलगी मोठी झाली, फोटो काढायचे दिवस आले की पापणी उचलून घेऊ. दिसण्याचा प्रश्न आहेच, तो खोटा नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न नजरेचा. लहान मूल बघायला शिकत असतं, डोळ्यातून स्पष्ट चित्र मेंदूकडे गेलं तरच मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतो, आणि हे शिकायचं वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, त्यातही पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात महत्त्वाची. पापणी बाहुलीवर आली तर चित्र जातच नाही. बाहुली उघडी असली तरी जड पापणी बुबुळावर दाब देऊन त्याचा आकार थोडा बदलते, म्हणजे चष्म्याचा सिलिंडरचा नंबर येतो आणि चित्र पुसट जातं, काही मुलांत सोबत तिरळेपणा पण असतो. मग मेंदू तो डोळा बाजूला ठेवतो आणि एकाच डोळ्यावर काम चालवतो. याला आळशी डोळा म्हणतात. पापणी विसाव्या वर्षी पण उचलता येते, तेविसाव्या वर्षी पण येते, ऑपरेशन मस्त होईल आणि फोटोत दोन्ही डोळे सारखे दिसतील, पण त्या डोळ्याने पाटीवरचं अक्षर दिसणार नाही, आणि ते तेव्हा कुठल्याच चष्म्याने, कुठल्याच ऑपरेशनने परत मिळणार नाही. शाळेत जायला लागल्यावर कुणीतरी डोळे तपासतं, तेव्हा कळतं की पोर इतकी वर्षं एकाच डोळ्यावर होतं, आणि घरच्यांना पत्ताच नसतो कारण दुसऱ्या डोळ्याने मूल सगळं करत असतं, पळतं, खेळतं, मोबाइल बघतं. हे मी माझ्या तपासणीच्या खोलीत बघितलंय आणि त्या आईबापांचे चेहरे मला बघवत नाहीत, म्हणून एवढं लिहितेय.

तुमच्या पत्रात एक चांगली खूण आहे. ती हनुवटी वर करून बघते म्हणालात ना, म्हणजे ती त्या पापणीखालून बघायचा प्रयत्न करतेय, उजवा डोळा सोडून दिलेला नाही. भुवई पण उचलत असेल, कपाळाला त्या बाजूला आठी पडत असेल, बघा. पण ही सवय अचानक बंद झाली, हनुवटी सरळ झाली आणि पापणी तिथल्या तिथेच आहे, तर खूश होऊ नका, तेव्हा उलट लगेच तपासायला न्या, कदाचित तिने त्या डोळ्याचा नाद सोडलेला असेल. घरी अजून एक करून बघा. ती एखादं चित्र बघत असताना हलकेच तिचा उजवा डोळा तळहाताने झाका, मग थोड्या वेळाने डावा झाका. डावा झाकल्यावर ती हात ढकलते, चिडते, मान वळवते, आणि उजवा झाकल्यावर काहीच म्हणत नाही, तर उजव्याने कमी दिसतंय असं समजून त्याच आठवड्यात डॉक्टरकडे.

म्हणजे ऑपरेशनच्या आधी पहिलं काम, नजर आणि नंबर तपासणं. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स किंवा मलम घालून टॉर्चसारख्या यंत्राने नंबर काढतात, मुलाने वाचून दाखवायची गरज नसते, त्यामुळे "लहान आहे, सांगता येत नाही, मोठी झाल्यावर बघू" हे कुणी म्हणालं तर ऐकू नका, सहा महिन्यांच्या बाळाचा पण नंबर निघतो. नंबर असला तर चष्मा, तो पण दिवसभर, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावून. आळशी डोळा असला तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, म्हणजे मेंदूला उजव्याकडे लक्ष द्यावंच लागतं. पट्टीला पोरं रडतात, ओढून काढतात, शेजारच्या बायका म्हणतात चांगल्या डोळ्याला का त्रास देता. द्यायचा, तेवढे तास घट्ट राहायचं. आणि पापणी उचलल्यावर आळशी डोळा आपोआप सुटतो असं धरून चालू नका, ऑपरेशन फक्त पडदा बाजूला करतं, बघायला शिकवायचं काम चष्मा आणि पट्टीच करतात, ऑपरेशननंतर पण ते चालू राहतं, नंबर पुन्हा काढावा लागतो कारण पापणीचा दाब बदलला की नंबर पण बदलतो.

मग ऑपरेशन कधी? पापणीने बाहुली पूर्ण झाकली असेल, मूल बघूच शकत नसेल, तर थांबायचं नाही, काही महिन्यांच्या बाळाचं पण करतात. बाहुली उघडी असेल, नजर सारखी वाढत असेल, चष्मा-पट्टीने काम चाललं असेल, तर साधारण तीन ते पाच वर्षांच्या मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी करतात. तोपर्यंत मूल थोडं ऐकायला लागतं, मोजमाप नीट घेता येतं, मांडीतला पट्टा घ्यायचा असला तर तो पण पुरेसा मिळतो, आणि शाळेत पोरं नावं ठेवायच्या आधी काम होतं. तुमची बाळी बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. अर्धा डोळा झाकलेला असतो म्हणालात, ती पापणी बाहुलीच्या वर आहे की बाहुलीवर आहे यावर घाई ठरेल, ते फोटोवरून मी सांगणार नाही, समोर बसवून मोजायची गोष्ट आहे.

मोजतात कसं ते सविस्तर सांगते, कारण सगळं ऑपरेशन या आकड्यांवर ठरतं आणि घरच्यांना ते आकडे सहसा कुणी समजावून सांगतच नाही. बाळीला तुमच्या मांडीवर बसवतात. डॉक्टर अंगठ्याने तिची उजवी भुवई कपाळाच्या हाडावर दाबून धरतात, कारण भुवई मोकळी सोडली तर मूल कपाळाच्या जोरावर पापणी ओढतं आणि मोजमाप खोटं येतं. मग वाजणारं एखादं खेळणं खाली धरतात, तिची नजर खाली गेली की प्लास्टिकची छोटी मोजपट्टी पापणीच्या कडेशी उभी धरतात, खेळणं हळूहळू वर नेतात आणि पापणीची कड किती मिलिमीटर वर सरकली ते वाचतात. एकदा नाही, दोन-तीनदा, कारण मूल हलतं. चांगली पापणी १२ ते १५ मिलिमीटर किंवा जास्तच सरकते. ८ किंवा पुढे आली तर स्नायूत बऱ्यापैकी ताकद आहे, ५ ते ७ म्हणजे मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे स्नायू नावालाच आहे. दुसरा आकडा, समोर टॉर्च धरल्यावर बाहुलीत जो चमकणारा ठिपका दिसतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर. नेहमीच्या डोळ्यात ते ४-५ मिलिमीटर असतं, पापणी ठिपक्यावरच आली तर शून्य. आणि तिसरं, डोळा मिटताना बुबुळ आपोआप वर सरकतं का. आपण झोपतो तेव्हा बहुतेकांचं बुबुळ वर जाऊन पापणीच्या आड लपतं. ज्या मुलाचं असं जात नाही त्याची पापणी फार वर उचलणं धोक्याचं. हे का, ते झोपेतल्या उघड्या डोळ्याच्या वेळी सांगते.

त्याच वेळी डॉक्टर दुसरे काही प्रकार नाहीत ना हे पण बघतात. तुम्ही एक आठवून बघा, अंगावर पिताना, किंवा आत्ता भाकरी चावताना तिची उजवी पापणी टपटप वर उडते का? तसं असेल तर जबड्याच्या आणि पापणीच्या मज्जातंतूंची जोडणी जन्मापासून एकमेकांत गुंतलेली असते, मार्कस गन या लंडनच्या डॉक्टरांनी १८८३ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलेला प्रकार, त्याचं ऑपरेशन जरा वेगळ्या विचाराने करावं लागतं, म्हणून जेवतानाचा एक व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, फार कामाला येतो. दोन्ही बाहुल्या सारख्या मोठ्या आहेत का, डोळा सगळ्या बाजूंना फिरतो का, सकाळी पापणी बरी आणि संध्याकाळी दमल्यावर जास्त पडते असं आहे का, हे पण सांगा. जन्मापासूनची पापणी सहसा दिवसभर साधारण तशीच असते. पापणी अचानक पडली किंवा एका बाजूची बाहुली बारीक दिसली तर तो वेगळाच विषय, तिथे आधी कारण शोधतात, ऑपरेशनचं नाव नंतर.

आता ऑपरेशनं. मुख्य दोन, बाकी सगळे त्यांचेच पोटप्रकार.

स्नायूत ताकद असेल तर तोच स्नायू आखूड करतात. पापणीची जी नैसर्गिक घडी असते तिथेच चीर देतात म्हणजे व्रण घडीत लपतो, आत स्नायू मोकळा करून त्याचा ठरावीक तुकडा कमी करतात आणि राहिलेला भाग पापणीच्या आतल्या कडक पट्टीला पुन्हा शिवतात. कातडीतून जाऊन असं करायची पद्धत जर्मनीच्या एव्हर्सबुश यांनी १८८३ मध्येच मांडली, म्हणजे नवीन प्रयोग वगैरे काही नाही. किती आखूड करायचं, १० मिलिमीटर की २०-२२, हे त्या मोजपट्टीच्या आकड्यावर. मोठ्या माणसाचं करताना त्याला जागं ठेवून डोळा उघड म्हणता येतं, बघून टाका बसवता येतो. बाळी तर पूर्ण भुलीत असणार, डोळा उघडणार नाही, म्हणून सर्जनला आधीच्या आकड्यांवरून टेबलावर उंची ठरवावी लागते. जिथे स्नायू कमजोर तिथे पापणी नंतर थोडी उतरते म्हणून टेबलावर जास्त वर ठेवतात, जिथे स्नायू चांगला तिथे नंतर अजून उचलली जाते म्हणून थोडी खाली ठेवतात. आता कळलं ना मी मोजमापासाठी एवढी का मागे लागलेय, ते घाईत चुकलं की इथे चुकतं.

स्नायू ४ मिलिमीटर किंवा कमी सरकत असेल तर त्याला आखूड करून फारसा फायदा नसतो. तिथे पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात. आपण भुवया वर करतो तो कपाळाचा स्नायू चांगला असतो, तुमची बाळी आत्ताही त्याचाच वापर करतेय. पापणीच्या कडेला आणि भुवईच्या वर बारीक टोचे देऊन कातडीखालून एक पट्टा फिरवतात, त्रिकोणात किंवा पंचकोनात, आणि भुवईपाशी गाठ मारून आत लपवतात. मग मुलाने भुवई उचलली की पापणी उघडते. याला स्लिंग म्हणतात. तुम्हाला डॉक्टरांनी मांडी नाहीतर सिलिकॉन असं सांगितलं याचा अर्थ त्यांनी स्लिंगचा विचार केलाय, म्हणजे स्नायूची ताकद कमी आली असणार. तो आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या.

मांडीची भीती वाटणं साहजिक आहे, पण ऐका. मांडीचं मांस काढत नाहीत, स्नायू कापत नाहीत. मांडीच्या बाहेरच्या अंगाला कातडीखाली एक पांढरं मजबूत आवरण असतं, त्याचा अरुंद पट्टा काढतात. गुडघ्याच्या थोडं वर दोन-तीन सेंटीमीटरची चीर, तिथून एक लांब अवजार आत सरकवून पट्टा काढून घेतात, वर टाके. पोरं दुसऱ्या दिवसापासून चालतात, थोडे दिवस लंगडतात, जिना चढताना रडतात, मग विसरतात. व्रण राहतो, फ्रॉकखाली झाकणारा. या पट्ट्याचा वापर १९०९ पासून होतोय आणि टोरोंटोच्या क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये मुलांसाठी जी त्रिकोणांची पद्धत सांगितली ती आजही शिकवली जाते. का एवढं टिकलं? कारण हा तिच्याच शरीराचा पट्टा, शरीर त्याला परकं मानत नाही, तो तिथेच मुरतो आणि बहुतेक वेळा आयुष्यभर टिकतो. साधारण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या मांडीत पुरेसा लांब पट्टा मिळत नाही, म्हणून त्याआधी हा पर्याय घेत नाहीत.

सिलिकॉनची बारीक लवचीक दोरी असते. मांडीला हात लावावा लागत नाही, ऑपरेशन छोटं, आणि पापणी जास्त वर किंवा खाली वाटली तर नंतर घट्ट-सैल करता येते, नको असेल तर काढून टाकता येते. लवचीक असल्यामुळे डोळा मिटायला थोडा बरा. तोटा असा की काही वर्षांनी ती सैल पडू शकते, सरकू शकते, कधी जंतू धरले तर काढावी लागते, आणि मग दुसरं ऑपरेशन. खूप लहान बाळ, बाहुली झाकलेली, थांबायला वेळ नाही, तिथे सिलिकॉनच बरं, नजर वाचवायची आणि पुढे मोठं झाल्यावर मांडीचा पट्टा घालायचा. बुबुळ वर सरकत नसेल तिथे पण मी सिलिकॉनच्या बाजूने, कारण परत सैल करता येतं. तुमच्या बाळीला दिवाळीनंतर तीन पूर्ण होतील, तब्येत चांगली असेल आणि नजर थांबायला परवानगी देत असेल, तर माझं मत मांडीच्या पट्ट्याकडे झुकतं, एकदाच व्हावं म्हणून. पण तिला तपासणाऱ्या सर्जनचा शब्द माझ्या पत्रातल्या शब्दापेक्षा मोठा.

एक बारीक गोष्ट स्लिंगबद्दल. एकाच बाजूची स्लिंग भुवई उचलल्याशिवाय काम करत नाही, आणि आळशी डोळा असला तर मेंदू त्या बाजूची भुवई उचलायची तसदीच घेत नाही, मग ऑपरेशन नीट होऊनही पापणी खालीच दिसते आणि लोक म्हणतात फेल गेलं. म्हणून पण चष्मा आणि पट्टी आधी. काही सर्जन सारखेपणा यावा म्हणून दोन्ही डोळ्यांना स्लिंग सुचवतात. चांगल्या डोळ्याला हात लावू देणं आईला जड जातं, मला पण आधी एकाच बाजूचं करून बघणं पटतं.

पापणी दोनच मिलिमीटर खाली असली तर आतल्या बाजूने एक छोटं ऑपरेशन करतात, पण तुमच्या वर्णनावरून ते तुमच्यासाठी नाही.

आता तो व्हिडिओ. खरं आहे ते, लपवून ठेवणार नाही. स्लिंगनंतर आणि स्नायू जास्त आखूड केल्यावर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, जवळजवळ सगळ्याच मुलांत, आणि खाली बघताना पण पापणी थोडी वर अडकते. कमजोर स्नायूला दोन्ही कामं येत नाहीत, उघडायचं काम आपण करून दिलं की मिटायचं थोडं मागे पडतं. बुबुळ वर सरकणारं असेल तर ते झोपेत पापणीखाली जाऊन सुरक्षित राहतं, फटीतून नुसतं पांढरं दिसतं, आणि घरच्यांना ते बघून भीती वाटते पण डोळ्याला इजा नसते. बुबुळ उघडं राहिलं तर ते सुकतं, त्यावर जखम होते, ते टाळायचं काम तुमचं. रोज रात्री ती झोपली की हात साबणाने धुऊन खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढायची, तिथे जी खोबण होते त्यात डॉक्टरांनी दिलेल्या डोळ्याच्या मलमाची तांदळाच्या दाण्याएवढी रेघ सोडायची, ट्यूबचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस डॉक्टर खालच्या पापणीला एक टाका घालून तो वर कपाळावर चिकटपट्टीने लावतात म्हणजे डोळा मिटलेला राहतो, तो बघून घाबरू नका. काही महिन्यांत मिटणं सुधारतं, मलमाची गरज पण बऱ्याच मुलांत कमी होते, पण बंद कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही. डोळा लाल झाला, ती उजेडाला डोळा मिटून घेऊ लागली, सारखं पाणी येतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी न्या, रात्र काढू नका.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे धूर आणि धूळ. चूल असेल तर पहिले दोन महिने तिला चुलीपाशी बसवू नका, दुचाकीवर पुढे उभं करून नेऊ नका, आणि सुगीत भाताची मळणी चालू असताना ऑपरेशनची तारीख घेऊ नका. खानापूरच्या पावसात पण नको, तपासणीला परत परत जायचं असतं आणि रस्ते तुम्हाला माहीत आहेत. दिवाळी, सुगी उरकली की थंडीत बरं, सर्दी-ताप नसताना. सर्दी असेल तर भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतील, रागावू नका. दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आजी मायेने गुपचूप बिस्किट देते ते या एका दिवशी नको, भुलीत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर येतं. घरात कुणाला पूर्वी भुलीचा त्रास झाला असेल तर आठवून सांगा.

निकालाबद्दल मनात नीट ठेवा. दोन्ही डोळे आरशासारखे एकसारखे होतील अशी हमी कुणी देऊ नये आणि कुणी दिली तर तिथून उठा. सरळ समोर बघताना दोन्ही पापण्या जवळपास सारख्या दिसल्या, बाहुली मोकळी राहिली, तर ते चांगलं ऑपरेशन. सगळ्यात जास्त होणारी तक्रार म्हणजे थोडी कमी उचलली गेली. सूज दोन-तीन आठवडे राहते, खरी उंची दोन-तीन महिन्यांनी कळते, तोपर्यंत नातेवाइकांना फोटो पाठवून मतं मागवू नका. काही मुलांना वाढत्या वयात दुसऱ्यांदा करावं लागतं.

जायचं कुठे? ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांचं काम करणारे नेत्रसर्जन विचारा, नुसतं मोतीबिंदूचं मोठं नाव बघून जाऊ नका. बेळगावात सरकारी बिम्स हॉस्पिटलमध्ये आणि केएलई हॉस्पिटलमध्ये नेत्रविभाग आहे, आपल्या भागातली माणसं हुबळीला आणि मिरजेला पण जातात. अंगणवाडीत सरकारची बाल आरोग्य तपासणीची टीम येते, २०१३ पासूनचा कार्यक्रम आहे, जन्मजात व्यंग असलेल्या मुलांना पुढे पाठवायचं कामच त्यांचं, अंगणवाडीताईंना सांगून बाळीचं नाव नोंदवा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढून घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतलाय, मिरजेकडे जाणार असाल तर तारीख घ्यायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, गावाचं नाव आणि ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. आणि संमतीचा कागद कानडीत किंवा इंग्लिशमध्ये असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर मराठीत समजावून सांगा म्हणा, लाजू नका, कुठला डोळा, कुठलं ऑपरेशन, कुठला पट्टा हे कळल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या बाळाचं. बहुतेक मुलांत घराण्यात दुसरं कुणीच नसतं, असाच एकटा प्रकार निघतो. पण काही घरांत पिढ्यांतून येतो, म्हणून दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे, मामा-आत्यांचे जुने फोटो काढून पापण्या बघा, अर्धा डोळा मिटलेला कुणी दिसला तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही डोळे बारीक, दोन्ही पापण्या खाली आणि डोळ्यांमधलं अंतर जास्त अशी ठेवण घराण्यात असेल तर तो वेगळा आनुवंशिक प्रकार, तिथे पुढच्या बाळाला यायची शक्यता निम्मी असते. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही. पुढचं बाळ झालं की पहिल्या महिन्यातच पापण्या आणि बाहुल्या बघून घ्या एवढंच.

तर ताई, या आठवड्यात मालकांना घेऊन जा, एकट्या नको, त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकू दे. तिथून तीन गोष्टी कागदावर लिहून आणा, उजव्या डोळ्याचा नंबर, पापणी किती मिलिमीटर सरकते, आणि मिटताना बुबुळ वर जातं की नाही. मला कळवा, मांडी की सिलिकॉन याचं बोलणं त्यानंतर करू, आणि चष्मा लागला तर तो त्याच दिवशी करायला टाकून या.